वजन वाढल्याचे पेढे

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मोहिनीचं वजन वाढलंय म्हणून तिच्या आईला बोलावलं, तर सीमा चक्क पेढे घेऊन गेली. पुसेगावकडं ही गोष्ट अजून हसून सांगतात. हसणाऱ्यांचं काय जातंय? मोहिनी अंगणवाडीत होती तेव्हाचं त्यांना आठवत नाही. लेकरू नुसतं हाडांचा सापळा होतं. दर महिन्याला झोळीच्या काट्याला तिला लटकवायचं, सेविकेनं मान हलवायची आणि सीमानं पदर डोळ्याला लावत घरी यायचं. वजन वाढलं पाहिजे, एवढं एकच वाक्य तिनं तपासणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. आता पोरगी सहावीत, गाल टम्म, आणि निरोप आला की वजन वाढलंय. मग आनंद होणार नाही तर काय होणार? सेनगावहून पेढे आणले, गुरुजींना दिले, खिचडी शिजवणाऱ्या खतीजाबीला दिले आणि शेवटी डॉक्टरांपुढं पुडा धरला.

डॉक्टर रुबीना वयानं लहान, पण पोच असलेल्या. त्या हसल्या नाहीत. पेढा खाल्ला, सीमाला शेजारी बसवलं आणि मग सांगितलं, की वजन वयाच्या मानानं फारच वाढलंय. मोहिनीच्या मानेवरचा काळा पट्टा दाखवला. तो मळ समजून सीमा पोरगी रडेपर्यंत दगडानं घासायची. तो मळ नाही, असंच चाललं तर पुढं साखरेचा आजार होऊ शकतो त्याची खूण आहे, असं डॉक्टर म्हणाल्या.

सीमाचं डोकं फिरलं. तिचा राग तसाही नाकावरच असतो.

"तवा म्हनले कमी हाय, आता म्हनता लई झालं. लेकराला पोटभर खाऊ घातलं, हाच माझा गुन्हा का?"

"गुन्हा कसला, ताई? तेव्हा तुम्हीच तिला वाचवलंत. म्हणून आताही तुम्हालाच बोलावलं."

भांडावं की पाया पडावं, सीमाला कळेना.

मग खाण्यापिण्याची चौकशी झाली. सीमा दिवस उगवायच्या आत जीपनं लांबच्या शिवारात खुरपायला जाते. नवरा मल्हारी मेंढरांमागं, तो कधी घरी असतो तर कधी नसतो. लेकरानं उपाशी राहू नये म्हणून ती फळीवर बिस्किटं, कुरकुरे, फरसाण भरून ठेवते. शाळेतली खिचडी मोहिनी खात नाही, कारण पोरं तिच्या ताटात डोकावून चिडवतात. घरी आली की पुडा फोडते, आणि मग अंधार पडेपर्यंत हात चालूच.

"एवढी भूक लागते का गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भूक न्हाई लागत," मोहिनी खाली बघत म्हणाली. "घरात कोनीच नसतंय. आई आली की मी बंद करते."

सीमाला रडूच कोसळलं. भरलेली फळी बघून ती आजवर निश्चिंत कामाला जात होती.

त्यानंतर तिनं जीप सोडली आणि गावातच उशिरा सुरू होणारं काम धरलं. फळी रिकामी झाली तेव्हा मोहिनीनं आदळआपट केली, दोन वेळा जेवलीही नाही. पण गुरुजींनी चिडवणाऱ्या पोरांना दटावलं, आणि खतीजाबी तिला खिचडी वाढून तिच्याजवळ स्वतःही जेवायला बसू लागली. सीमा त्या दोघांनाही मनापासून दुवा देते. वजन अजून फारसं हललेलं नाही. डॉक्टर म्हणतात, घाई नको, पोरगी उंच होऊन राहिलीय, वजन आहे तिथं थांबलं तरी पुरे.

आता सकाळी मायलेकी चुलीपुढं बसतात. परवा मोहिनी भाकरी नि मेथीची भाजी खात होती आणि सीमा नेहमीसारखी नुसता चहा पिऊन उठायच्या बेतात होती. मोहिनीनं तिचा पदर धरला.

"आई, तू काय खाल्लं?"

लग्न होऊन आल्यापासून सीमाला हे कुणी विचारलं नव्हतं. काहीच नाही, हे सांगताना तिला उगीच लाज वाटली. मोहिनीनं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. रुबीना मॅडमचं भलं होवो, असं मोठ्यानं म्हणत सीमा परत खाली बसली आणि पोटभर जेवली.