चार अंश

मी एक जुना फ्रिज. आवाज घरघरता आहे, पण जे सांगायचं ते माझं दार उघडण्याआधी सांगितलं पाहिजे.

माझं पूर्वायुष्य फुलांच्या दुकानात गेलं. तिथे माझी चूक झाली, तर फार तर गुलाब माना टाकत. दुकान बंद पडलं आणि संशोधक बाईंनी मला घरी आणलं. त्यांच्या धाकट्या भावाचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत चालले आहेत. असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी औषध शोधायला पैसा कोण घालणार? अनुदान समितीने कळवलं, ‘संस्थेच्या पत्राशिवाय अर्ज विचारात घेता येत नाही.’ संस्थेने कळवलं, ‘अनुदान मिळाल्यास पत्र देऊ.’ बाईंनी दोन्ही पत्रं एकाच टाचणीत अडकवली, पलंग बाहेर काढला आणि झोपायच्या खोलीत प्रयोगाचं टेबल मांडलं.

माझ्या पोटात आता अकरा कुप्या आहेत. चार अंशांवर त्या औषध. ऊब लागली तर काय, तेही बाईंनीच वहीत लिहिलं आहे: ‘विषारी.’

गेल्या महिन्यात माझा तापमापक बिघडला. नवा भाग मिळेना. दुरुस्तीवाला म्हणाला, “ताई, निर्धास्त राहा. आकडा चारच दिसेल.”

चारच दिसतो. त्याने तो तिथे कायमचा अडकवला आहे. मंगळवारपासून माझा गॅस गळतोय, आत खोलीइतकीच ऊब आहे, आणि दारावर चार! बाई सकाळ-संध्याकाळ वहीत चार लिहितात. इतका न हलणारा आकडा विद्यार्थ्याच्या वहीत दिसता, तर त्यांनी लाल फुली मारली असती.

आज पहिली मात्रा. बाई आधी स्वतःला टोचणार आहेत.

“ताई, तू आडवी झालीस, तर मला उचलून बसवणार कोण?” भाऊ खुर्चीतून म्हणाला.

“गप रे! आधी मी, मग तू. यात वाद नको.”

“वाद कसला? मला तर हातही उचलता येत नाही.”

बाई हसल्या. दार उघडलं. त्यांनी कुपी उचलली, आणि बोटं थबकली. काच गार नव्हती. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. माझी घरघर थांबली. मग त्यांनी दारावरच्या चारवर नजर टाकली, मान डोलावली आणि सुई उचलली.

बाई, जन्मभर तुम्ही प्रत्येकावर शंका घेतलीत. आज माझ्यावर घ्या.