कोंबड्या, ट्रॅक्टर आणि अन्सेल्मोचं हसू

मित्रांनो, पत्र्याच्या गोल डब्यात पडून आंबलेली एक जुनी फिल्म आहे मी. झाकणावर लिहिलं आहे, 'दूध काढण्याचे यंत्र : वापर व निगा'. माझ्यात यंत्र नाही आणि गायही नाही.

माझा जन्म सॅन फ्रान्सिस्कोतला, एकाहत्तर सालचा. मला बनवणारा लॉईड पोटासाठी शेतीचे माहितीपट करायचा आणि मनासाठी माझ्यासारख्या फिल्म. पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम मी दाखवते, शेजघराचं दार न लोटता. म्हणून मी फक्त मोठ्यांसाठी. पण लॉईडचा जीव एका साध्याच प्रसंगात होता. त्याचा जोडीदार अन्सेल्मो पॅनकेक उलटवायला जातो, पॅनकेक जमिनीवर पडतो आणि अन्सेल्मो पोट धरून हसतो.

पोलीस अशा फिल्म उचलून नेत. म्हणून त्या बनवणाऱ्या मंडळींत पडद्यावरची नावं खोटी, डब्यांवरचीही खोटी. "दुधाच्या यंत्रावर कोण धाड घालतंय!" म्हणत लॉईडने मला माहितीपटांत दडवलं. थिएटरात मात्र मला बघायला रांगा लागत. त्या हसण्यापाशी काहीजण चक्क रडत, कारण दोन पुरुषांचं सुखी स्वयंपाकघर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

मग ऐंशीच्या दशकात तो आजार, एड्स, आला. आधी अन्सेल्मो गेला, पुढे लॉईडनेही अंथरूण धरलं. उशाशी त्याचा मित्र व्हर्नन असे आणि समोरच्या फळीवर मी.

"व्हर्नन, त्याला हसताना बघायचंय रे. एकदाच."

"अरे शहाण्या, डब्यावर काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही. काहीतरी खोटं."

आजाराने त्याची आठवण पोखरली होती. व्हर्नन बिचारा एकेक फिल्म प्रोजेक्टरवर लावत गेला.

"कोंबड्याच आहेत की रे!" लॉईड पुटपुटला.

"थांब म्हाताऱ्या, पुढच्यात असेल तो."

ट्रॅक्टरची फिल्म चालू असतानाच लॉईड गेला. व्हर्ननने प्रोजेक्टर बंद केला, तो पुन्हा कधीच लावला नाही. वर्षभरात तोही गेला.

आता मी एका संग्रहालयाच्या गोदामात आहे. सडत चालल्यामुळे माझ्या अंगाला व्हिनेगरचा वास येतो आणि आक्रसल्यामुळे मी कुठल्याच यंत्रातून फिरत नाही. परवा तिथे काम करणाऱ्या दोघींनी मला उघडून उजेडात धरलं.

"कोण गं हा? किती गोड हसतोय."

"कुणाला विचारणार? नावं खोटी, माणसं गेलेली."

त्यांनी झाकण लावलं. मित्रांनो, माझी निगा राखायची वेळ टळून गेली आहे. थोड्याच दिवसांत हा चेहराही विरघळेल. त्याचं नाव अन्सेल्मो होतं. तेवढं तरी कुठेतरी लिहून ठेवा.