सात कोंबड्या आणि एक चोर

माझा धाकटा दीर कडूबा याचं लग्न १९६२ च्या वैशाखात झालं, आणि त्याच वर्षी कार्तिकात आमच्या सातही कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं. आम्ही जानेफळचे. माझ्या नवऱ्याचं नाव उकंडराव. ते होते तोवर हे नाव मी तोंडाने घेतलं नाही. आता लिहिते, लिहायला कोणी मनाई केलेली नव्हती.

त्यांना रोज सकाळी दोन अंडी लागत. पोटात अंडी गेल्याशिवाय आपल्याला काही सुचत नाही, असं ते म्हणत. गेल्यावरही विशेष सुचत नसे.

दिवस लहान झाले की कोंबडी जुनी पिसं टाकते. नवी येईपर्यंत खाल्लेला दाणा पिसांनाच लागतो, अंड्यासाठी उरत नाही. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. अंगणभर पिसं पडलेली असत. ती तुडवत हे घरात येत आणि विचारत, अंडी जातात कुठे?

शेवटी त्यांनी शोध लावला की चोर घरातच आहे. घरात नवीन माणूस एकच, कडूबाची बायको गीताबाई. साखरखेर्ड्याची अठरा वर्षांची पोर, भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, मान वर न करणारी. मी सांगितलं, रोज सकाळी डाल्याखालून सोडायच्या आधी मी एकेक कोंबडी चाचपते. मागून करंगळी लावली की आज अंडं आहे की नाही ते कळतं. पंधरा दिवसांत एकीलाही काही लागलेलं नाही.

“बाईच्या बोटावर घर चालते का?” ते म्हणाले.

पुरुष कोंबडी चाचपत नाहीत. म्हणून हे स्वतः पाहणार नव्हते, आणि मी पाहिलेलं मानणार नव्हते. धाकट्या सुनेनं माहेरी जावं, असा निवाडा झाला. कडूबाने मुकाट्याने बैल जुंपले. भावाला भिण्याचं त्याला काही कारण नव्हतं. तो तर अंडीही खात नव्हता.

संक्रांत झाली. दिवस वाढू लागला, कोंबड्यांच्या अंगावर चकचकीत पिसं आली आणि माघात पहिलं अंडं मिळालं. ते यांनी पारावर नेऊन दाखवलं. चोर गेला, अंडी आली. आता तिला परत आणली तर पुन्हा बंद होतील. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. त्या सगळ्यांच्या घरी त्याच सुमारास अंडी सुरू झाली होती, पण आपल्या अंगणात काय चालतं हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

पुढचा कार्तिक आला. पुन्हा पिसं, पुन्हा अंडी बंद. शेजारचे रामराव चहाला आले होते. पारावरची गोष्ट त्यांनी वर्षभर ऐकलेली.

“सून तं माहेरी हाय, उकंडराव,” ते म्हणाले. “मंग यंदा कोन खाऊन राह्यलं?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात उरलेली बाई मीच. मी डाल्यातली काळी कोंबडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“आता तुमचंच बोट लावा.”

रामरावांसमोर नाही म्हणता येईना. लावलं. कोंबडीने धोतर खराब केलं. काही लागत नाही, असं ते पुटपुटले. एवढी एक गोष्ट त्यांनी जन्मात स्वतः तपासून सांगितली.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ साखरखेर्ड्याला निघाले. त्यांना धड बोलता येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मीही गाडीत बसले. गीताबाई दाराआड उभी राहिली. भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती.

“जाऊबाई, इचारा तं त्याईले,” ती म्हणाली. “कोंबड्या अंडी देऊन राह्यल्या का?”

“नाही,” हे जमिनीकडे पाहून म्हणाले.

“मंग आत्ताच येते. सुरू झाल्यावर मी आली, तं पुढच्या कार्तिकात पुन्हा माह्यावरच आळ येईन.”

कडूबाला हे समजायला गाव येईपर्यंत वेळ लागला.

त्या माघात गीताबाई घरात असताना अंडी सुरू झाली. ते अंडं पारावर गेलं नाही. चूक झाली, असं हे घरातही कधी म्हणाले नाहीत. फक्त रोज दोन अंडी खात राहिले.

उकंडराव १९७४ च्या मार्गशीर्षात वारले. अंडी तेव्हा बंद होती.