निळा नको म्हणजे नको

अश्विन साळवे कचेरीत कारकून, पण हौस थेट आकाशाएवढी. नाशिक रोडच्या झगमगाटात तारे दिसायची बोंब, म्हणून हा पठ्ठ्या चिलीच्या वाळवंटातली दुर्बीण भाड्याने घ्यायचा आणि तिने पाठवलेले फोटो घरी लॅपटॉपवर घासूनपुसून उजळायचा. त्यातला एक तेजोमेघ असा काही सोनेरी उतरला, की चौदा एप्रिलच्या जयंतीला तो कॉलनीतल्या विहाराच्या सभागृहात लावायचं ठरलं. खाली अश्विनचं नाव. त्याला दुसरं काही नकोच होतं.

समितीचे अध्यक्ष जयराम काका फोटो बघायला घरी आले. "झकास! फक्त निळा कर. जयंती आहे."

अश्विन भडकलाच. "काका, हे आकाश आहे, मंडप नाही! रंगात ढवळाढवळ म्हणजे शुद्ध खोटेपणा."

चहा घेऊन आलेली त्याची बायको राखी म्हणाली, "अहो, पण दुर्बिणीकडून याचे तीन फोटो आले, ते काळे-पांढरेच होते ना? रंग तर तुम्हीच भरलेत. हिरवा जास्त झाला म्हणून अख्खा रविवार तो काढत बसला होतात."

घरभेदी! अश्विनने समजावून पाहिलं. हायड्रोजन, गंधक, ऑक्सिजन, प्रत्येकाचा उजेड वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपायचा, मग प्रत्येकाला एकेक रंग द्यायचा. जगभर हीच पद्धत.

"द्यायचा म्हणजे कोणी?" काकांनी चहा बशीत ओतला.

"आपणच."

"मग आम्ही निळा दिला की खोटा, आणि तू सोनेरी दिलास की खरा होय रे?"

पण हार मानेल तो अश्विन कसला. "एवढंच असेल तर काळा-पांढराच लावा!" असं ओरडून त्याने त्यातला एक मूळ फोटो काकांच्या मोबाईलवर पाठवूनही दिला. काका बिचारे सरळ माणूस. "बरं," म्हणाले.

जयंतीच्या दिवशी अश्विन सभागृहात शिरला, तर भिंतीवर भलामोठा, करडा, धुरकट फोटो आणि खाली ठळक निळ्या अक्षरांत 'अश्विन साळवे'. तो आपला रागात बोलला होता, काकांनी खरंच लावला की हो! त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात शेजारच्या लताबाई फोटोसमोर थबकल्या. चष्मा नीट करून त्यांनी खालचं नाव वाचलं आणि राखीचा हातच धरला. "अगं बाई! अश्विनचा एक्स-रे इथे का लावलाय? बरा आहे ना तो? छातीत केवढं पांढरं दिसतंय!"

"छाती ठणठणीत आहे, मावशी," राखी नवऱ्याकडे बघत म्हणाली. "दुखणं डोक्यात आहे."