रविवार ते बुधवार

आमच्या ह्यांना समुद्र बघायचा होता. कुठलाही नाही, त्या एकाच गावचा. जुनं बंदर, चारी बाजूंनी तट, आणि तटाच्या टोकाला बुरूज. त्या गावाला ह्यांनी एकतीस वर्षं रोज सकाळी सहा दहाची बस सोडली. हे बस डेपोत वेळापत्रकं बनवायचे. कुठली गाडी कधी सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, ड्रायव्हर कुठे बदलणार, सगळं ह्यांच्या पेन्सिलीने ठरायचं. दुनियेला समुद्र दाखवला, स्वतः एकदाही गेले नाहीत. "रोज आपलीच गाडी जाते तिकडे, जाऊ की कधीतरी." कधीतरी! हा शब्द ज्याने काढला ना, त्याला धरून बडवला पाहिजे.

निवृत्त झाले आणि पाचव्या महिन्यात दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. चार तास मशीनला हात बांधून पडायचं आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसापर्यंत मेल्यासारखं झोपायचं. पाणी दिवसाला एक लिटर, चहा-आमटी धरून. अशी दोन वर्षं काढली. त्यांनी काढली म्हणते, पण मीही काढलीच.

मग एका गुरुवारी बूट घालून खुर्चीत बसले ते उठेचनात. "आज नको," म्हणाले. "परवाही नको. बास झालं आता."

मी हातापाया पडले, ओरडले, नको नको ते बोलले. ढिम्म हलेनात. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "समुद्र न बघताच जाणार का?" मला काहीतरी म्हणायचं होतं म्हणून म्हटलं हो. पण ह्यांनी वर बघितलं. "नेशील?" म्हणाले. मी म्हटलं, "नेते. पण आधी उठा." आणि उठले.

त्या दिवसापासून सहलीची आखणी सुरू झाली. मला काय, आखणी चालू असेपर्यंत माणूस मशीनवर जातोय ना, मग वर्षभर आखा! खोटं कशाला बोलू, त्या गावाशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला हे हवे होते.

ह्यांनी डेपोतले जुने फॉर्म काढले, त्यांच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने पाडले. रविवारी सहा दहाच्या गाडीने निघायचं, नऊ तासांचा प्रवास. सोमवारी तट बघायचा. मंगळवारी तिथल्याच हॉस्पिटलात डायलिसिस. बुधवारी परत, म्हणजे गुरुवारी इथल्या मशीनवर हजर. लॉजवाल्याला फोन करून विचारलं की दारापासून तटापर्यंत किती पावलं. तो बिचारा खरंच मोजून आला. साडेसहाशे. ह्यांनी लगेच तीन थांबे टाकले, प्रत्येकी सहा मिनिटांचे. बुरुजाला ब्याऐंशी पायऱ्या, त्यांचे सात टप्पे केले. दर टप्प्यापुढे लिहिलं : पाणी, दोन घोट. मी म्हटलं, "अहो, बुरूज चढताय की बस चालवताय?" तर म्हणाले, "बस परवडली. तिला डिझेल हवं तेवढं पाजता येतं."

हसले होते तेव्हा. कितीतरी महिन्यांनी.

वन्संना कळलं तर त्यांचा फोन. "वहिनी, दादाला या अवस्थेत कुठे हलवतेस? माझं ऐक, जाऊ नकोस." आणि लगेच पुढच्या वाक्याला, "खोली मोठी आहे का गं? मीही आले असते." वन्सं म्हणजे वन्सं. लग्नात रुसल्या होत्या त्या अजून पुरत्या हसलेल्या नाहीत, पण फिरायचं म्हटलं की पिशवी भरलेली.

सगळं घोडं अडलं ते मंगळवारच्या डायलिसिसपाशी. त्या गावात मशीनं मोजकी आणि सगळी भरलेली. तीन आठवडे मी तिथल्या नर्सबाईंच्या मागे लागले होते. शिलाई मशीनवर बसले की एक शिवण मारायची, एक फोन लावायचा. अखेर एका दुपारी त्यांचाच फोन आला. मंगळवार सकाळची जागा मोकळी झाली आहे, येताय का? मी खोलीभर नाचायचीच बाकी होते.

"कुणाची होती?" ह्यांनी विचारलं.

"कुणाची का असेना! आपल्याला मिळाली ना?"

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि नर्सबाईंना तेच विचारलं. ऐकलं. मग मला म्हणाले, "एक मास्तर होते. सहा वर्षं येत होते. शुक्रवारी गेले." आणि शांतपणे रकान्यात वेळ लिहिली, सकाळी सात.

त्यानंतर हे खुशीत दिसायला लागले. नीट जेवायचे, दाढी रोज. मला वाटलं, गाडी लागली एकदाची रुळावर. बायकोइतकं मूर्ख जगात कुणी नाही. नवरा खूश दिसला की ती का म्हणून विचारत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, मी नर्सबाईंना फोन केला. सोबत कुठले रिपोर्ट आणायचे एवढंच विचारायचं होतं.

"ताई, ती जागा तर तुमच्या मिस्टरांनी मागच्याच आठवड्यात सोडली," त्या म्हणाल्या. "नको म्हणाले. आम्ही दुसऱ्या पेशंटला दिली."

काहीतरी घोटाळा असणार म्हणून मी ह्यांचा कागद काढला. मंगळवारच्या रकान्यातलं सात खोडरबराने पुसलेलं होतं. त्या जागी लिहिलं होतं : बुरूज, जमल्यास. बुधवार : बंदर, बाकावर बसणे. गुरुवार : खिडकीतून. शुक्रवारपुढे काहीच नाही. परतीची गाडी कुठेच नव्हती. एकतीस वर्षांत ह्या माणसाने परतीच्या फेरीशिवाय एक गाडी सोडली नव्हती.

हे गॅलरीत नखं कापत बसले होते.

"हे काय आहे?" मी कागद पुढे धरला.

त्यांनी बघितलं. नेलकटर मिटलं. "तुला गाडीत बसल्यावर सांगणार होतो."

"गाडीत बसल्यावर? म्हणजे मला उतरता येऊ नये म्हणून? लाज वाटत नाही तुम्हाला? मी लोकांच्या पाया पडून ती जागा मिळवली!"

"माहीत आहे."

"मग?"

"अगं, ते मास्तर सहा वर्षं आले. सहा वर्षं, आणि आठवड्याच्या आत त्यांची वेळ मला. मी गेलो की माझी आणखी कुणाला. मला त्या रांगेत राहायचं नाही आता. तिथे खिडकीत बसून जायचंय."

"आणि मी? मी काय करायचं तिथे? बघत बसायचं?"

"हो," ते म्हणाले. "तेच मागतोय. रागावू नकोस. आमच्या धाकटीला, तुझ्या वन्संना, गुरुवारी बोलावून घे, उगाच आधी नको, रडून गोंधळ घालेल."

मी खूप बोलले. स्वार्थी म्हटलं, भित्रा म्हटलं. माझं आयुष्य तुमच्या मशीनभोवती फिरवलंत आणि आता हे ठरवताना मला विचारलंत का, असंही म्हटलं. मग एवढंच म्हणाले, "दोन वर्षं तू म्हणालीस म्हणून गेलो. प्रत्येक वेळी तुझ्यासाठी गेलो."

शनिवारी मात्र गेले. प्रवास झेपावा म्हणून जातोय म्हणाले. मी डॉक्टरांना गाठलं. वाटलं, ते तरी दटावतील. डॉक्टर म्हणाले, "काकू, त्यांनी मला सगळं सांगितलंय. मी खूप समजावलं. पण निर्णय त्यांचा आहे. तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो, त्रास होऊ नये म्हणून औषधं देतील."

"किती दिवस?" मी विचारलं.

"आठ-दहा. कधी त्याहून कमी."

मी दोन वर्षं नेहमी खाली बाकावर बसायचे. वर येऊ नकोस, तुला बघवणार नाही, असं ह्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज वर गेले. काचेतून बघितलं. चौथा तास चालू असेल. ह्यांच्या पायात गोळा आला होता. सबंध अंग धनुकलीसारखं ताणलेलं, दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी. नर्स पोटरी चोळत होती. आणि हे त्या अवस्थेत तिला हाताने खुणावत होते, होतं असं, घाबरू नका. मग गोळा सुटला आणि ह्यांनी डोळे मिटले. घड्याळाकडे बघितलं, पुन्हा मिटले.

तीनशेच्या वर वेळा झालं असेल हे. मी खाली बाकावर लोकरीचा मोजा विणत असताना.

देवा, मला ते हवेत. आजही हवेत. असे का होईनात, पडून का होईनात, हवेत. पण मी जिना उतरले आणि हॉस्पिटलच्या दारात उभी राहून लॉजवाल्याला फोन लावला.

"बोला ताई! उद्या येताय ना? खिडकीवाली खोली ठेवलीय, समुद्र अगदी समोर."

"हो, येतोय. खोली जास्त दिवस हवी होती."

"मग हो! आमच्याकडे आलं की कुणाला निघावंसंच वाटत नाही. बुधवारऐवजी कधीपर्यंत धरू?"

"दहा दिवस," मी म्हटलं.

"दहा दिवस. आणि दहाही दिवस दोघंच ना?"

रस्त्यावरून एक बस गेली. ती जाईपर्यंत मी थांबले.

"दोघंच," मी म्हटलं. "दहाच्या दहा दिवस दोघंच लिहा."