ओळखीचं कोणी नसलेलं गाव

"रजा मागितली की तुम्हाला एकच विचारता येतं, कोण गेलं? बाईला सुट्टी हवी तर आधी घरातलं कोणीतरी मरायला हवं, हा कायदा वर बसून कोणी काढला?"

कात्री टेबलावर आपटून ती हे बोलली आणि पडद्यांच्या कारखान्यातली मशिनं एकामागून एक गप्प झाली. मास्तरांनी ओठांत धरलेल्या टाचण्या हातात काढून घेतल्या. कायदा त्यांनी काढला नव्हता. त्यांनी नुसतं वर पाहिलं. वरच्या मजल्यावर काचेची केबिन होती, आणि काचेमागे बसणाऱ्याला खालच्या बायांनी कधी धड पाहिलंही नव्हतं.

"हळू बोल, बाई. वर कारण काय सांगू?"

"फिरायला जायचंय."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

मास्तरांनी टाचण्या परत ओठांत धरल्या, म्हणजे पुढचं बोलायला नको. संध्याकाळी वरून निरोप आला, जाऊ दे तिला. कारखान्यात तिला फटाकडी म्हणत. वात पेटलेली दिसली की शहाणा माणूस बाजूला होतो, वरचाही झाला असावा.

घरी येताना तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. लग्नाला वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात ती गाव सोडून गेली ती कोणाच्या बाळंतपणाला, कोणाच्या आजारपणाला, नाहीतर कोणाचं घर बदलताना भांडी बांधायला. फिरून आली की अंग ठणकायचं, आणि लोक विचारायचे, काय, मजा केलीस ना? आता तीन दिवस तिचे होते. फक्त कुठे जायचं ते ठरवायचं होतं.

नवऱ्याला तिने जेवताना सांगितलं. तो विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत होता. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून तो मवाळ झाला होता. तो भडकला नाही. उलट खूश झाला.

"जा की! कुठे म्हणतेस?"

"समुद्रावर."

"मस्त. ताईकडे उतर. तिचे ब्लाउज किती दिवस पडून आहेत. मशीन आहेच तिच्याकडे."

समुद्र गेला.

"नाहीतर डोंगरावर जाते. थंड हवेला."

"ते तर बेस्टच! धाकट्याचा फ्लॅट वर्षभर बंद आहे. किल्ली देतो. जातेच आहेस तर जाळीजळमटं तेवढी काढून ये."

डोंगरही गेला. मग तिने मोठ्या शहराचं नाव घेतलं, तर कोपऱ्यात मटार सोलत बसलेली सासू म्हणाली, "माझी चुलत जाऊ पाय मोडून पडलीये तिथे. अंघोळ घालायला बाई मिळत नाहीये तिला."

फटाकडीने ताट उचललं आणि नळाखाली धाडकन सोडलं. जग एवढं मोठं, आणि जिथे बोट ठेवावं तिथे सासर! ही माणसं तिला अडवत नव्हती, हेच वाईट होतं. अडवलं असतं तर भांडता आलं असतं. सगळे आनंदाने तिच्या हातात पिशवी द्यायचे आणि पिशवीत आपलं एकेक काम टाकायचे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिच्यापुढे एक कापड टाकलं. कुठल्यातरी लांबच्या गावातल्या लॉजची ऑर्डर होती.

"माप चुकलंय का?" तिने विचारलं.

"चुकलं नाही. मीही फोन करून विचारलं. एकच खिडकी आहे, भिंतभर."

तिने दिवसभर तो पडदा शिवला. चुण्या घालता घालता कापड टेबलावरून खाली, खालून शेजारणीच्या मशिनीपर्यंत गेलं. इतक्या वर्षांत तिने असं माप पाहिलं नव्हतं. लोक खिडक्या ठेवतात त्या वाऱ्यापुरत्या. एखाद्याने आख्खी भिंत फोडून खिडकी केली, म्हणजे समोर काहीतरी असणार. काय असेल? पाणी? मोकळं रान? तिने मास्तरांना ते विचारलं नाही. फक्त गावाचं नाव विचारलं. ते तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं, म्हणजे तिथे सासरचंही कोणी नसणार.

रात्री तिने ते नाव नवऱ्याला सांगितलं.

"तिथे कोण आहे आपलं?"

"कोणी नाही."

"मग जाशील कशी?"

"बसने."

त्याने फोन काढला. ताईला विचारलं. ताईचं कोणी नव्हतं. धाकट्याला विचारलं. त्याचंही नव्हतं. ऑफिसातल्या दोघांना विचारलं. प्रत्येक 'नाही'बरोबर फटाकडीचा चेहरा उजळत गेला आणि नवऱ्याचा उतरत गेला.

"राहू दे मग," तो शेवटी म्हणाला. "जिथे काळं कुत्रं ओळखीचं नाही, तिथे तुला एकटीला कसा पाठवू?"

"पाठवू? मी काय पार्सल आहे?"

"आहे की," सासू म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"पार्सल नव्हे रे. त्या गावात आपलं माणूस आहे. माझ्या वहिनीच्या मामेबहिणीची जाऊ. उतरेल तिच्याकडे. गुडघे धरलेत बिचारीचे, तेवढीच सोबत."

"मग आधी नाही का सांगायचं, आई!" नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बसचं बघायला बाहेरच्या खोलीत गेला.

फटाकडी तिथेच उभी राहिली. भिंतभर खिडकीसमोर एक म्हातारी पाय पसरून बसलेली तिला दिसली. ती तरातरा सासूपुढे गेली.

"द्या पत्ता."

"कोणाचा?"

"तुमच्या त्या जावेच्या वहिनीच्या, कोण असेल तिचा. तेल लावून येते गुडघ्यांना. त्यासाठीच जन्माला आलेय ना मी!"

सासूने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"माझ्या वहिनीला मामाच नव्हता."

फटाकडीला समजायला जरा वेळ लागला.

"खोटं बोललात? सरळ सांगायचं ना त्यांना, जाऊ दे म्हणून!"

"सरळ बोलून बघितलंय मी. तुझ्या सासऱ्यांशी. दोनदा बॅग भरली, दोनदा रिकामी केली."

फटाकडीने दाराकडे पाहिलं, मग सासूकडे. मग पोटातून हसू आलं, ते दाबायला तिने पदर तोंडात कोंबला. बाहेरून नवऱ्याची हाक आली.

"आई, त्या मावशींना काय द्यायचं? रिकाम्या हाताने बरं दिसत नाही."

"काही नको! ती कोणाचं काही घेत नाही!" सासू ओरडली, आणि सुनेचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"दात काय काढतेस? परत आलीस की तो विचारणार. तुझं एक आणि माझं एक झालं तर दोघी मरू. दिसायला कशी आहे ती?"

"उंच," फटाकडी कशीबशी म्हणाली.

"उंच. बरं. चहात साखर?"

"दोन चमचे. कोणी काही म्हणत नाही तिला."

"आणि नवरा?" सासूने तिचा दंड आणखी घट्ट धरला. "नवरा ठेवायचा तिला, की नको? बोल लवकर."