खराटा कोणी उतरवायचा

प्लोनीने त्या दिवशी काठी घेतली नाही. दारामागची काठी जागेवर नाही म्हटल्यावर बोग्नाला लगेच कळलं असतं की सासू डोंगर चढायला निघाली. आणि कुठे निघालो ते सुनेला सांगून जायचं, ही रीत प्लोनीच्या माहेरीही नव्हती आणि सासरीही नव्हती.

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचा तिचा मळा म्हणजे उभी भिंतच. काळ्या दगडाच्या ताली एकावर एक रचलेल्या, त्यांत द्राक्षाच्या वेली, आणि मधून वर जाणारी पायऱ्यांची वाट. माथ्यावर ती डोंगरवाटेला मिळते. त्या फाट्यावर एक बाक आहे, एक खांब आहे आणि खांबावर बर्चच्या काटक्यांचा खराटा. खराटा टांगलेला दिसला की पाठीवर पिशव्या घेऊन चालणाऱ्यांनी समजायचं, खाली ट्राइसांचं, म्हणजे प्लोनीच्या घराचं, अंगण उघडं आहे. वाइन मिळेल, कांद्याचा केक मिळेल आणि प्लोनीची बोलणी फुकट मिळतील. खराटा वर असेपर्यंत आल्या माणसाला परत लावायचं नाही.

तोडणी आटोपली, नवी वाइन संपत आली की खराटा उतरवायचा. उतरवेल त्यानेच पुढच्या वर्षी तो लावायचा, आणि मधलं वर्ष घर सोडायचं नाही. ट्राइसांच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. गेल्या शरदात रूपर्टने उतरवला होता, प्लोनीच्या लेकाने. हिवाळ्यात छातीत कळ आली आणि तो गेला. यंदा बोग्नाने शिडी लावून खराटा टांगला, पण नवऱ्याच्या वतीने. तिचा स्वतःचा शब्द त्यात नव्हता.

आणि आता ट्रिअर शहरातल्या एका हॉटेलात तिला स्वयंपाकघरातलं काम मिळत होतं. राहायला खोलीसुद्धा. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. बोग्नाने जेवताना सांगितलं तेव्हा प्लोनी म्हणाली, "जा की. पाय कोणी बांधलेत तुझे?" आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. पोलंडहून द्राक्षं तोडायला आलेली ही पोर रूपर्टने घरात आणली तेव्हा प्लोनी म्हणाली होती, हिचे हात पाहा, हिच्याने एक हिवाळा निघायचा नाही. बारा हिवाळे निघाले. पण "राहा" म्हणणं म्हणजे पदर पसरणं, आणि ते प्लोनीला मेल्यावरही जमलं नसतं. उद्या खराटा उतरवायला बोग्नाच चढली, तर रीतीने बांधली जाणार. गाव म्हणणार, म्हातारीने सुनेला खराट्याने अडकवली. त्यापेक्षा आपणच उतरवावा. पोरगी मोकळी होईल.

अर्ध्या वाटेवर कंबर ओरडायला लागली. प्लोनीने कंबरेला दोन शिव्या घातल्या, तालीला हात टेकत टेकत ती माथ्यावर पोचली आणि खांबाखाली उभी राहून तिने हात वर केले.

खराट्याची टोकं बोटांना लागली. बस, तेवढीच. खिळा रूपर्टने ठोकलेला, त्याच्या उंचीने.

"ताडमाडा," ती खांबाला म्हणाली. "आईचा विचार केलास का कधी?"

बाकावर पाय ठेवून पाहिला, पण कंबरेने साफ नकार दिला. मग ती बाकावर नुसती बसली. जरा वेळाने पायऱ्यांवरून धापा टाकत बोग्ना आली. दोन्ही हात पिठाने भरलेले.

"आई! घरभर शोधलं तुम्हाला! तळघरात उतरून आले!"

"तळघरात काय मी मुरायला ठेवलेय?"

"काठी दारामागे, आणि तुम्ही इथे! घसरला असतात तर?"

"घसरले असते तर लवकर खाली पोचले असते."

बोग्नाने खराट्याकडे पाहिलं, मग सासूकडे. तिला सगळं समजलं.

"तुम्ही उतरवणार होतात?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी उतरवू नये म्हणून?"

"तू मोकळी राहावीस म्हणून," प्लोनी नदीकडे बघत म्हणाली. "मूर्ख कुठली."

बोग्ना पीठ झटकत राहिली, झटकून झालं तरी.

तेवढ्यात डोंगरवाटेने एक जोडपं आलं. बुटांना चिखल, बाईचं नाक थंडीने लाल. माणूस चांगला उंच होता, रूपर्टएवढा.

"खाली अंगण उघडं आहे का हो?" बाईने विचारलं.

"खराटा दिसतोय ना?" प्लोनी म्हणाली. "मग उघडंच. डोळे काय शोभेला दिलेत देवाने?"

बाई हसली. माणसाला मात्र म्हातारीची दया आली असावी. तिचे वर बघणारे डोळे त्याने हेरले आणि हात उचलत तो म्हणाला, "हा काढायचाय का, आजी? थांबा, देतो काढून."

"हात लावू नका!"

दोघी एकदमच ओरडल्या. माणसाने हात असा मागे घेतला की जणू खांब तापलेला होता.

प्लोनीने मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"मी ओरडले ते ठीक. माझ्या घरचा खराटा आहे. तू का ओरडलीस?"

बोग्नाचे कान लाल झाले. "परक्या माणसाने काढायचा म्हणजे... पुढच्या वर्षी कोण..."

"पुढच्या वर्षी तू ट्रिअरला."

"हो ना."

"मग तुला काय त्याचं?"

बोग्ना बाकावर चढली. हात खराट्यापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. "आधी तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

ते जोडपं वाटेवरच्या खुणेकडे बघितल्यासारखं करत उभं होतं. प्लोनीने एकदा त्यांच्याकडे रागाने पाहिलं. घसा खाकरला.

"राहा," ती नदीकडे बघत म्हणाली.

"नदीवरच्या बोटीला सांगताय की मला?"

"बोग्ना, राहा गं." आवाज फाटला, तिने तो सावरला. "एका माणसाचा कांद्याचा केक कसा करतात ते मला माहीत नाही. या वयात शिकायचाही नाही."

बोग्नाने खराटा काढला. बाकावरून उतरली आणि तो पोटाशी धरून उभी राहिली. तिने बाहीने नाक पुसलं, तर गालाला पीठ लागलं.

"म्हणजे आता बंद झालं का?" त्या बाईने भीत भीत विचारलं.

"तुम्ही विचारलंत तेव्हा वर होता ना? मग तुमचं पान वाढलंच," प्लोनी म्हणाली. "चला, केक करपला नसेल तर."

"करपला असेल," बोग्ना म्हणाली. "तुम्हाला शोधत होते."

ती माणसं पुढे झाली. प्लोनी उठली, एक पायरी उतरली आणि कंबर धरून थांबली. बोग्नाने खराटा उलटा करून दांडा तिच्या हातात दिला.

"पुढच्या वर्षी तो खिळा खाली घ्यायला हवा," दांड्यावर भार टाकत प्लोनी म्हणाली.

"राहू दे तिथेच," बोग्ना म्हणाली आणि सासूचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला. "मी शिडी आणेन."